गोळ्यांची काठी

दर मे महिन्यात मी येते
सायकलच्या दांडीला काठी बांधून,
चितेंजेच्या जुन्या फडक्यानं, दोन गाठी मारून.
काठीवर रंगाचे पट्टे आहेत:
डोकं इथवर पोचलं तर दीड गोळी,
इथवर दोन, इथवर अडीच.
वजनकाटा दोन वर्षांपूर्वीच मोडला.

मुलं रांगेत पाठ ताठ करतात,
टाचा चोरून उचलतात.
"फातसानी, बघ, मी तीनवर आलो!"
लिंबिकानी ओरडतो,
जसं काही मलावीच्या सरोवरानंच
त्याला वरच्या वर्गात घातलं.

आणि हसता हसता माझ्या लक्षात येतं,
या गावात पोरांची वाढ
दुखण्याच्या मापानं मोजली जाते,
आणि मापाची काठी माझ्या हातात आहे.

सकाळी बाटल्या गोळा केल्या होत्या.
एकतीस. त्यातल्या एकोणीस
चहाच्या रंगाच्या, दोन त्याहून लाल.
म्हाताऱ्या अजून म्हणतात,
रक्त दिसलं की मुलगा वयात आला.
मी वाद घालत नाही.
भिंगाखाली काटेरी अंडी मोजते,
चाळीसनंतर आकडा चुकतो, पुन्हा पहिल्यापासून.

गोळ्या काम करतात. खोटं कशाला बोलू?
जूनमध्ये पाणी स्वच्छ उतरतं.
मग पोरं पुन्हा सरोवरात.
कुठे जातील? भांडी तिथे, कपडे तिथे,
उन्हाळा तिथे, मैत्री तिथे.
आणि शेवाळावर, बोटाच्या पेराएवढ्या,
गोगलगायी. ओळीनं. निवांत.

"पूर्वी नव्हत्या एवढ्या," मसाउत्सो म्हणाला.
तो जाळं विणत होता, मान वर न करता.
"लहानपणी नावेच्या तळाला कान लावायचो.
खालून आवाज यायचा, कड् कड्,
भाजलेला मका कुणी चावतंय तसा.
रुंद जबड्याचा मासा होता, गोगलगायी फोडून खायचा.
रात्रभर खायचा. झोप यायची त्या आवाजानं."
"मग?"
त्यानं जाळ्याचा एक कोपरा माझ्यापुढे टाकला.
निळा. बारीक विणीचा.

मला ओळखू आला.
मीच वाटल्या होत्या त्या मच्छरदाण्या,
घरटी दोन, अंगठा घेऊन,
हिवतापासाठी.
टंचाईच्या वर्षी बायकांनी त्या एकमेकींना शिवल्या,
काठाकाठानं ओढल्या,
आणि त्यांत सगळंच आलं,
मोठं, छोटं, कालच डोळे उघडलेलं.
माझ्या वहीत त्या वर्षी नोंद आहे, माझ्याच अक्षरात:
मच्छरदाणी, वापर चालू.

बैठक झाली. तीन वेळा मोडली.
शेवटी ठरलं: अंजिराच्या झाडापासून काळ्या खडकापर्यंत
लव्हाळ्यात जाळं टाकायचं नाही.
नासिबेको मासळी सुकवते, तिचा ओटा नेमका तिथेच.
ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.
"पोरांच्या रक्ताचे थेंब मोजतेस,
माझ्या चुलीचा धूर मोजशील का?"
उत्तर नव्हतं. अजूनही नाही.
तरी राखण तीच करते,
हातात वल्हं, तोंडात शिव्या,
पहिली शिवी नेहमी मला.

वरून येणाऱ्या कागदात रकाने आहेत:
गोळ्या, बाटल्या, मुलं, मच्छरदाण्या.
माशांचा रकाना नाही.
मी समासात लिहिते, पेन्सिलीनं,
कुणी खोडलं तर खोडू दे.

यंदाही लिंबिकानी तीनवरच आहे.
उंची वाढली नाही म्हणून फुरंगटला,
गोळ्या गिळल्या, पाणी प्यायला, पळाला.
संध्याकाळी दिसला काळ्या खडकापाशी,
मसाउत्सोच्या उलट्या नावेवर नव्हे,
पाण्यातल्या नावेत, पालथा,
गाल लाकडाला चिकटवून.

"काय रे, येतंय का काही ऐकू?"
त्यानं हात वर केला:
गप्प.

मी काठी खाली ठेवली.
श्वासही जरा हळू घेतला.